भावाशी अबोला आणि वेदीपुढची रांग

प्रश्न म्हापशाहून आला आहे. विचारणारी सून सावंतवाडीकडची, लग्न होऊन गोव्यातल्या बार्देश तालुक्यात आलेली. सासरे वारल्यापासून तिचा नवरा आणि मोठे दीर एकमेकांशी बोलत नाहीत. मूळ घरात दीर, जाऊबाई आणि सासूबाई. हे दोघं म्हापशात फ्लॅटमध्ये. नणंद मडगावला दिलेली. घराचं छप्पर, नारळाचे पैसे आणि कागदावरची नावं, तिन्हींवरून तेढ आहे. नवरा मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येतो, पण कम्युनियनच्या, म्हणजे वेदीपुढे जाऊन पवित्र भाकर घ्यायच्या वेळी बाकावरच बसून राहतो. विचारलं तर म्हणतो, ‘सख्ख्या भावाशी बोलत नाही, काय तोंड घेऊन जाऊ?’ तिला दोन गोष्टी हव्या आहेत: ख्रिस्ती कुटुंब म्हणून आता नेमकं करायचं काय, आणि क्षमा करायची म्हणजे घरावर पाणी सोडायचं का?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, सोडायचं नाही. समेट हे एक काम आणि वाटणी हे दुसरं. दोन्ही करायची आहेत, पण एका बैठकीत, एका दिवशी, एका वाक्यात कधीही नाही. ‘आम्ही झालं गेलं विसरायला तयार आहोत, तुम्ही फक्त सही करा’ असं म्हटलं की क्षमेचा सौदा होतो, आणि समोरचा माणूस तो लगेच ओळखतो. बहुतेक घरांत बोलणी फिसकटतात ती इथेच.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. येशू ते काम सरळ नाकारतो आणि पुढे लोभाबद्दल सावध करतो. म्हणून फादरना न्यायाधीश करून बसवू नका. ते दोघांना एका खोलीत बसवू शकतात, सुरुवातीला प्रार्थना घेऊ शकतात, आवाज चढला की थांबवू शकतात. कोणाला कुठली खोली मिळावी हे त्यांनी सांगू नये आणि तुम्ही विचारू नये. सांगितलंच, तर हरलेला भाऊ घराबरोबर इगर्जही (चर्चही) सोडतो.

आता कम्युनियनचं. अबोला आहे म्हणजे आपोआप गंभीर पाप घडलं असं नाही. मनात राग येणं, जुनं आठवून झोप न लागणं, हे आपल्या हातात नसतं. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही (परिच्छेद २८४३) झालेली दुखापत जाणवू न देणं वा विसरणं आपल्या ताब्यात नाही हे मान्य केलेलं आहे. गंभीर होतं ते समोरच्याचं वाईट व्हावं असं समजून-उमजून इच्छिणं, त्याच्या नुकसानीची खटपट करणं, त्याचा हक्क दाबून ठेवणं. तुमच्या यजमानांनी स्वतःला हेच विचारावं: ‘दादाचं वाईट झालं तर मला बरं वाटेल का, आणि त्याच्या हक्काचं काही माझ्याकडे आहे का?’ दोन्हींची उत्तरं खरोखर ‘नाही’ अशी असली आणि समेटाची तयारी असली, तर दादा बोलत नाही एवढ्यावरून बाकावर बसून राहायचं कारण नाही. त्यांनी हे एकदा फादरशी बोलून घ्यावं.

उत्तर ‘हो’ असेल तर आधी कुमसार, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली. उपवासकाळात इगर्जीत रांगा लागतात आणि मागे दहा माणसं उभी असताना हे नीट बोलता येत नाही. फादरना फोन करून आडवारी संध्याकाळची वेळ मागून घ्या. आत गेल्यावर दोन-तीन वाक्यांत स्वतःचं सांगायचं: काय केलं, किती काळ, कोणाचं काय अडवून ठेवलं. भावाची पापं सांगायची नाहीत. (कुमसाराला बसून पंधरा मिनिटं दुसऱ्याची पापं सांगणारे पुष्कळ असतात, स्वतःचं सांगायची वेळ आली की घाई होते.) आणि कुमसारातच ‘तुम्ही दादाशी बोला’ असं म्हणू नका. तिथे ऐकलेलं फादरना बाहेर वापरता येत नाही. मध्यस्थी हवी असेल तर ती नंतर, कार्यालयात जाऊन, वेगळी मागायची.

मत्तयच्या ५व्या अध्यायात वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे, ते तुम्हाला पाठच असेल. तिथे प्रसंग असा आहे की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. त्यामुळे सुरुवात त्याच्या तक्रारीपासून होते. तुम्ही दोघं एक कोरा कागद घ्या आणि दादाच्या बाजूने, त्याच्याच शब्दांत, त्याच्या तक्रारी लिहा. आपली उत्तरं शेजारी लिहायची नाहीत. साधारण अशा निघतात: बाबांच्या आजारपणात रात्रीची जागरणं आम्ही केली, तुम्ही फक्त पैसे धाडले. मातीच्या खर्चाचा हिशेब कोणी विचारला नाही. पेपरातल्या निधनवार्तेत माझ्या बायकोचं नाव राहिलं. फेस्ताला जेवायला बोलावलं तर आला नाहीत. आईचं सगळं आम्ही करतो आणि सल्ले तुम्ही देता. मग त्यांतल्या खऱ्या गोष्टींवर खूण करा. एकही खरी निघाली नाही तर कागद नीट लिहिला गेलेला नाही, पुन्हा लिहा. निधनवार्तेतल्या नावासारखी बाब हसण्यावारी नेऊ नका. घराची भिंत कोणाची, यापेक्षा तीच जास्त वर्षं लक्षात राहते.

खूण केलेल्यांपैकी एकच बाब निवडायची आणि यजमानांनी स्वतः निरोप पाठवायचा. तुम्ही नाही, सासूबाई तर नाहीतच. म्हाताऱ्या आईला दोन मुलांमधली टपालवाली करणं बंद करा. निरोप एवढाच पुरे:

‘दादा, बाबांच्या आजारपणात रात्री तू जागलास. मी पैसे पाठवून मोकळा झालो, ते चुकलं. घराचं बोलायचं नाही, एवढंच समोर येऊन सांगायचं आहे. रविवारी सकाळी दहाला आलो तर चालेल?’

यात ‘पण’ नाही, ‘जर’ नाही. ‘तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर’ ही माफी होत नाही. त्यात दोष त्याच्या वाटण्यावर जातो. ‘मी तुला क्षमा केली आहे’ हे वाक्य तर अजिबात नको, कारण ऐकणाऱ्याला त्यात आरोपच ऐकू येतो. बायबलमधलं वचन जोडू नका. मेसेज कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. वेळ सकाळची ठेवा. संध्याकाळी पेला भरलेला असतो आणि जीभ सैल. भेट वीस मिनिटांची असावी. चहा घ्यायचा, आईची चौकशी करायची, सांगायचं ते सांगायचं आणि उठायचं. दादानेच घराचा विषय काढला तर ‘त्यासाठी वेगळं बसू, मडगावच्या ताईलाही बोलावू’ म्हणून थांबायचं. पहिल्या भेटीत बरं चाललंय असं दिसल्यावर लगे हात कागद बाहेर काढायचा मोह होतो. तो आवरायचा.

जागाही बघून ठरवा. मिलाग्रीस सायबिणीच्या (म्हापशाच्या मरियामातेच्या) फेस्ताला सारा बार्देश म्हापशाला लोटतो, शिरगावच्या लईराई देवीची बहीण म्हणून हिंदूही येतात, आणि तुमचे दीरही येणार. तिथे चार लोकांदेखत गळ्यात पडून समेट होईल असं वाटतं. होत नाही. लोकांसमोर माणूस मान राखायला हात मिळवतो आणि घरी जाऊन चिडतो. मत्तयच्या १८व्या अध्यायातला क्रम साधा आहे: आधी दोघंच, मग एक-दोन जण सोबत, मग मंडळी. आपल्याकडे तो नेमका उलटा चालतो; आधी सगळ्या वाड्याला कळतं आणि भावाला शेवटी.

याच कारणाने छोट्या ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत किंवा तेर्साच्या (जपमाळेच्या प्रार्थनेच्या) वेळी ‘आमच्या घरासाठी प्रार्थना करा’ एवढंच म्हणा. ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते’ अशी सुरुवात करून जाऊबाईंनी काय केलं ते सांगणं ही चुगलीच, तेर्साला बसून केलेली. ती दोन दिवसांत जाऊबाईंच्या कानावर जाते.

दुसरं काम वाटणीचं. इथे गोव्याचा कायदा माहीत नसल्यामुळे पुष्कळ पाप घडतं, म्हणून थोडं तपशिलात सांगतो. गोव्यात लग्नाची नोंद झाली असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते, वारशाने आलेलीसुद्धा. म्हणजे सासऱ्यांच्या पश्चात अर्धी मालमत्ता सासूबाईंची स्वतःचीच आहे. ती वाटणीत येत नाही. उरलेली अर्धी सगळ्या मुलांत सारखी, मुलगा-मुलगी भेद नाही. तुमच्या घरी दोन भाऊ आणि एक बहीण, तर सासूबाई १/२, आणि तिघांना प्रत्येकी १/६. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं असलं तरी मुलं असताना त्यांना स्वतःच्या हिश्श्यापैकी निम्म्याचीच मोकळीक होती. यजमानांच्या १/६मध्ये तुम्हीही भागीदार, दादाच्या १/६मध्ये जाऊबाई. ‘बाहेरून आलेलीनं घराच्या गोष्टीत बोलू नये’ हे कायद्यात बसत नाही. सह्यांच्या वेळी तुम्हा दोघींच्याही सह्या लागतात. तुमचं लग्न सिंधुदुर्गात नोंदलं असेल तर मात्र हे चित्र बदलू शकतं, ते वकिलाकडून तपासून घ्या.

त्याआधी एक बघा: आजोबांची वाटणी कधी झाली होती का? बार्देशातल्या जुन्या घरांत ती राहून गेलेली असते आणि मग काका, आत्या आणि त्यांची मुलंही वारस निघतात. फॉर्म १ व १४ वर (गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्यावर) कोणाचं नाव आहे यावरून मालकी ठरत नाही. दादाचं एकट्याचं नाव लागलं म्हणजे त्याने घर खाल्लं, असं लगेच धरू नका. कधी कधी जो तलाठ्याकडे खेपा घालतो त्याचं नाव लागतं, एवढंच असतं. मार्ग दोन आहेत. सगळे राजी असतील तर उपनिबंधक कार्यालयातल्या विशेष नोटरीपुढे वारसांचा दस्त आणि मग नोंदणीकृत वाटणीपत्र. राजी नसतील तर कोर्टात इन्व्हेंटरी, जिथे मालमत्तेची यादी होते, किंमत ठरते आणि वारसांपैकी कोणाला काय हवं ते आपसांत बोली लावून ठरवता येतं. इन्व्हेंटरी घालणं म्हणजे भावाला कोर्टात खेचणं, असं मी मानत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ६व्या अध्यायात पौल भावाभावांच्या खटल्यांवर चिडतो, पण त्याचा रोख एकमेकांना लुबाडण्यावर आहे. हिस्से ठरवून घेण्याचा कायदेशीर रस्ता, आधी सांगून, शिवीगाळ न करता धरला तर त्यात लाज नाही. नोटीस अचानक पोस्टाने जाणं वाईट. आठवडाभर आधी यजमानांनी जाऊन सांगावं.

आणि नणंद. बहुतेक समेटांत पाप लपतं ते इथे. दोन भाऊ रडून मिठी मारतात आणि दुसऱ्या दिवशी मडगावच्या बहिणीला ‘तुला काय कमी आहे’ म्हणून हक्कसोड पत्रावर सही करायला बोलावतात. ती सही करतेही, कारण नाही म्हटलं तर माहेर तुटतं. तिला हिस्सा सोडायचाच असेल तर तिने तो घरी निवांत विचार करून, कागद समजून घेऊन, नवऱ्यासह सोडावा. तिला आधी आकडा सांगा: ताई, यात १/६ तुझा. आकडा न सांगता घेतलेली सही मी चोरीतच धरतो. चोरीच्या पापाला ‘माफ कर’ एवढ्यावर भागत नाही, घेतलेलं परत करावं लागतं.

आता जूनच्या आत करायचं काम. छप्पर. भांडण चालू असताना कोणी कौलं चाळत नाही, कारण खर्च केला तर हक्क सांगितल्यासारखं होईल ही एकाची भीती आणि दुसऱ्याने केला तर त्याचा हक्क होईल ही दुसऱ्याची. दोन पावसाळ्यांत रिपा कुजतात, वाशांना वाळवी लागते, आणि ज्यावरून भांडण ते घरच बसतं. यावर एका पानाचा कागद पुरतो. त्यात लिहायचं: कोणतं काम, अंदाजे किती खर्च, कोण किती घालणार, बिलं कोणाकडे राहणार, आणि ही दोन वाक्यं: ‘या खर्चामुळे कोणाचाही हिस्सा वाढणार किंवा घटणार नाही. वाटणीच्या वेळी हा खर्च ज्याने केला त्याला आधी वळता होईल.’ सासूबाई, तिन्ही मुलं आणि त्यांचे जोडीदार, सगळ्यांच्या सह्या. वकिलाला एकदा दाखवून घ्या. समेट पूर्ण व्हायची वाट न बघता हा कागद करता येतो, आणि पुष्कळदा बोलणं सुरू होतं ते या निमित्तानेच.

नारळाचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडा. दादाने इतकी वर्षं नारळ विकले हे खरं असेल, पण पाडेल्याची (नारळ पाडणाऱ्याची) मजुरी, घरपट्टी, आळ्यांची माती, विहिरीच्या पंपाची वीज कोणी भरली? समजा वर्षाला नारळाचे ₹३०,००० आले आणि हा खर्च ₹१८,००० झाला, तर भांडण उरलेल्या ₹१२,०००चं आहे. त्यातले निम्मे, ₹६,०००, सासूबाईंचे. बाकीच्या ₹६,०००चे तीन भाग केले की तुमच्या वाट्याला वर्षाला ₹२,००० येतात. आकडे तुमचे वेगळे असतील, पण मांडून बघा. एवढ्यासाठी सख्खा भाऊ तोडला का, हे तुमचं तुम्हाला दिसेल. माझा सल्ला: मागचं सोडा, येत्या पाडपापासून वही ठेवा. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय जकातदाराने चौपट परत करायचं म्हटलं ते स्वतःच्या खिशातून, आपणहून. त्याचा दाखला देऊन दुसऱ्याकडे मागायचं नसतं.

सासूबाईंच्या औषधांचे पैसे या सगळ्यात ओवू नका. मार्कच्या ७व्या अध्यायात आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशू सुनावतो. कपेलाच्या (छोट्या प्रार्थनास्थळाच्या) रंगाला देणगी आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांना ‘दादा बघतोय ना’, ही तीच गोष्ट. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला औषधांच्या खर्चातला आपला भाग थेट तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात पोचवा. दादा बोलो न बोलो. हिशेब मागू नका, पावती मागू नका.

सासऱ्यांच्या पुण्यतिथीचा मिस्सा ठेवताना इरादा (मिस्सा कोणासाठी, कोणाकडून) कोणाच्या नावाने वाचला जातो यावरूनही पेटतं. कार्यालयात नाव लिहिताना ‘पत्नी, मुलं आणि कुटुंबीयांकडून’ एवढंच लिहा आणि दादाला आधी कळवा, म्हणजे एकाच दिवशी दोन मिस्से लागणार नाहीत. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दोघंही त्याच कबरीवर येणार. आदल्या दिवशी कबर तुम्ही साफ करून ठेवा आणि फुलांना, मेणबत्त्यांना निम्मी जागा मोकळी सोडा. सांगायला जाऊ नका. तो येऊन बघेल.

एवढं करूनही दादा निरोपाला उत्तर देणार नाही, असं होऊ शकतं. मग दीड-दोन महिने थांबून एकदाच पुन्हा विचारा. त्यानंतर पाठपुरावा नको. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात पौल शांतीने राहायला सांगतो तेव्हा ‘शक्य असेल तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितकं’ अशी दोन्ही बंधनं घालतो. तुमच्याकडचं झालं की यजमानांनी कम्युनियनला उठावं. दादाच्या मौनाची शिक्षा त्यांनी भोगायची नाही. आणि बोलणं सुरू झालं तरी पुन्हा एका छपराखाली राहायला हवं असं नाही. बायबलमधले दुरावलेले भाऊ याकोब आणि एसाव गळ्यात पडून रडले, एसाव म्हणाला चल माझ्याबरोबर, आणि याकोब तरी वेगळीकडेच जाऊन राहिला. सणाला येणं-जाणं, आईच्या आजारपणात एकत्र धावणं, मुलांनी एकमेकांकडे राहणं, एवढं झालं तरी पुष्कळ आहे.

नवऱ्याला रोज टोकू नका. रविवारी इगर्जीतून परतताना गाडीत हा विषय नकोच. हे उत्तर त्यांना वाचायला द्या, तक्रारींचा कागद दोघं मिळून लिहा, आणि निरोप कधी पाठवायचा ते त्यांना ठरवू द्या.

एक अपवाद राहिला. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण हे वाचणाऱ्या एखादीच्या घरी असेल. मारहाण, दारूच्या भरात धमक्या किंवा मुलांच्या अंगावर जाणं चालू असेल तर वरचं काहीही लागू नाही. तिथे क्षमा मनात करता येते, पण सुरक्षित अंतरावरून. ‘सहन कर, क्रूस उचल’ असा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कोणीही असो. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि त्यासाठी घर सोडून जावं लागत नाही.